जावयाची झोप

राजमती मगदूमच्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं ते साल दोन हजार अठ्ठेचाळीस. श्रावण नुकताच सरला होता. मुलाच्या मामांनी सकाळीच फोन केला, पाऊसपाण्याची चौकशी केली आणि मग घसा खाकरून म्हणाले, "सध्या थांबू या, वैनी." राजमतीने का म्हणून विचारलं नाही. का ते समोर टीव्हीवर चाललं होतं. बिरू लवटे इचलकरंजीचा कबड्डी संघ सोडून नागपूरच्या संघात जाणार होता.

एका कबड्डीपटूने संघ बदलला म्हणून भलत्याच घरातलं लग्न का मोडावं, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळायचं नाही. ते आधी सांगायला हवं.

निरोगी माणसाचं हृदय घड्याळासारखं चालत नसतं. श्वास घेताना ते किंचित धावतं, सोडताना रेंगाळतं, आणि गाढ झोपेत तर वळणं घेत जाणाऱ्या ओढ्यासारखं चालतं. पूर्वी थकलेल्या हृदयाला जे यंत्र बसवायचे ते एका मापाने ठोके द्यायचं. माणूस जगायचा, पण मरगळून जगायचा. मग संशोधकांच्या ध्यानात आलं, की त्या यंत्राला एखाद्या तरुण, कसलेल्या हृदयाचे ठोके पुरवले तर म्हातारं हृदय त्याच्या मागोमाग चालायला शिकतं आणि पुन्हा उभारी धरतं. आधी ठोके मुद्रित करून पुरवून पाहिले. आठवड्याभरात हृदय त्यांना विटायचं. त्याला कसं कळायचं ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. ठोके जिवंत माणसाचे आणि त्या घडीचेच लागायचे.

पुढे परदेशात कुणी इंटरनेटवरून अशा यंत्रांशी खेळ केला, माणसं दगावली, आणि कायदा झाला: छातीतलं यंत्र इंटरनेटला जोडायचं नाही, जवळच्या मनोऱ्यावरूनच ठोके द्यायचे. मनोऱ्याचा पल्ला दोन किलोमीटर. त्यातही हे शिकणं अंग निवांत असताना, म्हणजे दोघंही झोपेत असतानाच व्हायचं. रात्री शिकलेलं दिवसभर पुरायचं. दोन-तीन रात्री चुकल्या तरी निभायचं. चौथ्या दिवशी माणसं जिन्यात मधेच बसायला लागायची.

असं हृदय साऱ्या राज्यात चौघांकडेच सापडलं. चौघेही खेळाडू. त्यातला एक बिरू. मेंढरांमागे रानं तुडवत वाढलेलं धनगराचं पोर, वय पंचवीस. चढाईला गेला की एका दमात समोरची फळी हलवून यायचा. संघाचे मालक बांधकामवाले होते. त्यांनी बिरूला शांतीसागरनगरात बंगला दिला, गच्चीवर मनोरा उभारला आणि भोवती इमारती उठवल्या. लोक त्या दोन किलोमीटरला घेर म्हणायचे. घेर जिथे संपायचा तिथे दलालांनी रस्त्यावर चुन्याची पांढरी रेघ मारली होती, मैदानावर मारतात तशी. रेघेच्या अलीकडच्या घराला पलीकडच्यापेक्षा चौपट भाव. मराठवाड्यातून, कर्नाटकातून लोक शेतं विकून घेरात आले. राजमतीने आणि तिच्या नवऱ्याने, भूपालने, यंत्रमागाची शेड विकून दोन खोल्या घेतल्या त्या अशाच. आता बिरू गेला की रेघ पुसली जाणार होती, आणि मगदूमांच्या लेकीबरोबर येणारं घरही कवडीमोल होणार होतं. मुलाच्या मामांचा हिशेब चोख होता.

राजमतीला घराचं फारसं काही वाटलं नाही. तिला भूपालचं वाटलं.

दोन वर्षांपूर्वी, छातीत यंत्र बसायच्या आधी, भूपाल स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत चालला तरी भिंत धरायचा. आता तो पहाटे साडेचारला टुणकन उठायचा. एकटा नव्हे. बिरू झोपला की घेरातली सगळी म्हातारी माणसं झोपायची, तो उठला की उठायची, सगळ्या इमारतींतले नळ एकदम वाहू लागायचे. नव्या माणसाच्या अंगावर काटा यायचा, जुन्यांना सवय झाली होती.

"मटणावर पोसलेलं काळीज तुमचं," राजमती नवऱ्याला चिडवायची. "जैनाच्या छातीत बसवलंय. दिवस मावळायच्या आत जेवायला घालते म्हणून गप हाय, न्हाईतर ओरडलं असतं."

"ओरडतंय की," भूपाल म्हणायचा. "तुला बघितलं की."

डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगून ठेवलं होतं: वर्षाच्या वर या तालावर चाललेलं हृदय आपली चाल विसरतं. परत साध्या मापावर टाकलं तर महिना-दोन महिनेच काढेल.

बातमी आल्यावर तीनच दिवसांत घेरातल्या बाल्कन्यांवर विक्रीच्या पाट्या लागल्या. नागपुरात बिरू अजून पोचलाही नव्हता आणि तिथल्या नव्या घेरातली घरं संपली होती, तीही मगदूमांच्या आवाक्याबाहेरच्या भावाने. बिरूला कुणी विचारलंच नव्हतं. इचलकरंजीतल्या मालकांची सगळी घरं विकून झाली होती. गाळायला काही उरलं नाही तिथे घाणा कशाला ठेवायचा, म्हणून त्यांनी तो उचलून दुसरीकडे नेला, इतकंच.

सोसायटीची बैठक पार्किंगमध्ये भरली. अध्यक्ष चौगुले सर, निवृत्त मुख्याध्यापक, छातीत तेच यंत्र. ते उभे राहिले आणि म्हणाले, "एक वाट हाय. लीगच्या नियमात लिहिलंय. खेळाडूची सासुरवाडी गावातच असंल तर त्याला बदलीला नकार देता येतो. महिनाअखेरपर्यंत मुदत हाय."

कुणी तरी म्हणालं, "सर, त्याचं लग्न कुठं झालंय?"

"तेच म्हणतोय मी."

सगळ्यांची नजर एकेका घरावरून फिरत राजमतीवर येऊन थांबली. घेरात म्हातारी माणसं उदंड होती, लग्नाच्या वयाची मुलगी एकच होती. आणि ती संघाच्या व्यायामशाळेत खेळाडूंचे स्नायू सैल करायची, गुडघ्यांना पट्ट्या बांधायची. सन्मती. वय सव्वीस.

"सर, तो धनगर हाय, आमी जैन," राजमती म्हणाली.

"आता काय सांगू वैनी," चौगुले सर खालच्या आवाजात म्हणाले, "आतनं आपण सगळे धनगरच झालोय."

लोक हसले. राजमतीही हसली, आणि हसताना तिला जाणवलं की आपण घरी जाऊन लेकीला विचारणार आहोत.

तिने विचारलं ते तांदूळ निवडताना, मान वर न करता. भूपाल खाली बागेत गेला होता.

सन्मतीने सगळं ऐकून घेतलं. "आप्पांना माहीत हाय?"

"न्हाई. त्यांना कळलं तर ते न्हाईच म्हणतील."

"बिरू चांगला हाय," सन्मती म्हणाली. "दंड चोळताना आई गं म्हणत न्हाई, आई कशी हाय म्हणून तुझी चौकशी करतो." तिने तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "पण आई, मी त्याच्या छातीवर डोकं ठेवीन, तेव्हा मला आप्पांचे ठोके ऐकू येतील."

"असं काय बोलतीस!"

"खरं तेच बोलते. लहानपणी मी आप्पांच्या छातीवरच झोपायची. त्यांचे आता बदललेत. बिरूचे मी रोज मोजते. दोन्ही एकच हायेत."

राजमतीच्या हातातलं सूप थांबलं. तिला वाटलं, इथेच थांबावं, म्हणावं की राहू दे. तेवढ्यात जिन्यावर भूपालची पावलं वाजली. न थांबता, दोन-दोन पायऱ्या चढत येणारी. तिने सूप पुन्हा पाखडायला घेतलं.

"मी विचारते त्याला," सन्मती उठत म्हणाली.

बिरूने हो म्हटलं. का, ते त्याने सन्मतीला सांगितलं आणि तिने आईला. "म्हणाला, तिकडं पण मनोराच हाय. झोपलो की वाटतं, कुणीतरी पाठीवर बसलंय. सातशे माणसं. निदान उठल्यावर एक तरी ओळखीचं दिसंल."

लग्न पितृपंधरवड्यात झालं. मुदतच तशी होती. बिरूच्या आईने कपाळाला हात लावला, पण आली. अक्षता पडल्या तेव्हा सभागृहात वऱ्हाडापेक्षा घेरातली माणसं जास्त होती, आणि कन्यादान करताना भूपालच्या डोळ्यांना धार लागली. जातीचं त्याला काही वाटलं नव्हतं. त्याने राजमतीला बाजूला घेऊन एवढंच विचारलं होतं, "पोरगीच्या मनानं हाय न्हवं?" आणि राजमती म्हणाली होती, "तिनंच त्याला विचारलं." ते खोटंही नव्हतं.

बिरूने बदलीला नकार कळवला. पाट्या उतरल्या. भाव पुन्हा चढले. नवराबायको देवदर्शनाला बिरूच्या गावी गेली आणि तिसऱ्या दिवशी घेरात परतली.

इतक्या माणसांनी या लग्नाचा सगळ्या बाजूंनी विचार केला होता. नियम वाचला होता, भाव बघितले होते, जात बाजूला ठेवली होती. एक गोष्ट मात्र कुणाच्याच डोक्यात आली नाही. इतकी साधी गोष्ट, की नंतर ती तोंडाने बोलायचीही कुणाला सोय राहिली नाही.

आजारपणापासून राजमतीला नवऱ्याच्या छातीवर हात ठेवल्याशिवाय झोप येत नसे. त्या रात्री तिला जाग आली ती हाताखालच्या धडधडीने. भूपाल नुकताच झोपेतून उठून बसला होता. अंग घामाने भिजलेलं. आधी तिला वाटलं, झटका आला. दिवा लावायला ती उठणार, तर त्याने तिचं मनगट धरलं.

"दिवा नको."

"पाणी आणू?"

"काही नको." त्याने तिचा हात आपल्या छातीवरून उचलला आणि गादीवर ठेवला. तीस वर्षांत पहिल्यांदा. मग तो भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. झोपेत असलेल्या दोघांत सुरू झालेला तो धागा जाग आल्यावर तुटायला थोडा वेळ जायचा, असं यंत्राच्या माहितीपत्रकात होतं. बिरू स्वप्नात होता की अर्धवट जागा, तो कुणाला कवेत घेत होता, हे राजमतीला कळायला वेळ लागला नाही. कळलं आणि ती अंधारात पदर तोंडात धरून बसली.

सकाळी ती भाजीच्या गाड्यापाशी उभी होती. पलीकडे बागेच्या बाकावर नेहमीची मंडळी होती, आणि भूपाल चालत चालत तिथे पोचला होता.

"या या, मगदूम!" एकजण ओरडला. "जावई जोरात हाय की तुमचा!"

"मला तर वाटलं मी जिनाच चढतोय," दुसरा म्हणाला.

"आमची म्हातारी म्हणते, या वयात तुमाला काय झालं ओ? म्हटलं, मला न्हवं, मगदुमाच्या जावयाला झालंय."

बाकभर हशा पिकला. वाईट माणसं नव्हती ती. आयुष्यभर लग्नघरात अशीच थट्टा करत आलेली होती. फक्त पूर्वी ती थट्टा अंदाजाने व्हायची.

भूपालने आपल्या चपलांकडे बघितलं. मग तो वळला आणि घरी आला. त्या दिवशी सन्मती डबा घेऊन आली, तेव्हा तो आतल्या खोलीत जाऊन कपाट आवरत बसला.

"आप्पा, पोळ्या आणल्यात."

"ठेव तिथं."

"बघा तरी!"

"ठेव म्हटलं न्हवं."

तो तिच्याकडे बघत नव्हता. पुढेही कित्येक दिवस त्याने बघितलं नाही. सन्मतीला वाटलं, जात आता आठवली. तिने आईला तसं विचारलं आणि आईने, "दमलेत गं ते," म्हणून विषय मोडला.

महिनाभरात घेरात अशी बोलवा झाली, की लग्नानंतर बिरूचा ताल आणखी जोमदार झालाय, साठीचा माणूस चाळिशीचा होतो. दलालांनी तेच उचललं. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं गाड्या घेऊन येऊ लागली. घर बघताना ती बंगल्याकडे बोट दाखवायची आणि एकमेकांना कोपरखळ्या मारायची. चुन्याच्या रेघेवर नवा हात फिरला. चौगुले सरांनी आपली सदनिका चढ्या भावात विकली आणि त्यांच्या लेकाने आधीच हेरून ठेवलेल्या दुसऱ्या राज्यातल्या घेरात निघून गेले. जाताना राजमतीला भेटायला आले तेव्हा म्हणाले, "तुमच्या घरानं कॉलनी तारली."

भूपाल रात्री झोपेनासा झाला. झोपलाच नाही तर यंत्राला ठोके मिळत नाहीत, हे त्याने ध्यानात धरलं होतं. तो खुर्चीत बसून राहायचा, पाय थंड पाण्यात सोडायचा. दिवसा झोपायचा, तेव्हा बिरू मैदानावर असायचा. पण साठी उलटलेला माणूस रोज किती जागणार? कधी खुर्चीतच डोळा लागायचा. मग तो दचकून उठायचा. एकदा पहाटे राजमतीने चहा दिला तर न विचारताच म्हणाला, "भांडण झालंय दोघांत काल. तो लई वेळ तळमळत होता." आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्याने कप खाली ठेवला. "मला हे कळाय नको, राजमती. बापाला हे कळाय नको."

दिवाळी झाली आणि तो कुरुंदवाडला निघाला. तिथे त्याची थोरली बहीण, आक्काताई, एकटीच राहायची. "चार दिवस नदीवर बसतो," म्हणाला. पिशवीत कपडे घालताना राजमतीने पाहिलं, त्याने स्वेटरही घेतला होता. चार दिवसांच्या मुक्कामाला इतके कपडे लागत नाहीत. तिने आपलीही पिशवी भरली.

चौथ्या दिवसापासून उतार लागला. यंत्र आता आपल्या जुन्या, सरळ मापावर चालत होतं. भूपाल आक्काताईच्या घराच्या दर्शनी सोप्यात पडून असायचा. ओठ निळसर. बोलताना मधे थांबायचा. पण रात्री गाढ झोपायचा, आणि राजमतीचा हात पुन्हा त्याच्या छातीवर असायचा.

सन्मती आली ती तणतणतच. बिरू बाहेर गाडीपाशी थांबला होता.

"आप्पा, मी धनगराच्या घरी गेले म्हणून तुमी जीव देणार? मग लग्नात रडलात ते कशाला? मी कुणासाठी..." ती अडखळली. "आईला विचारा, मी कुणासाठी केलं!"

भूपालने डोळे मिटून घेतले. राजमतीने लेकीला हाताला धरून परसात नेलं. आडापाशी उभं राहून तिने सांगितलं. मोजक्या शब्दांत, आडाच्या काठाकडे बघत. छातीवरचा हात, बाकावरची माणसं, खुर्ची. सन्मतीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला.

"सगळ्यांना?" तिने विचारलं. "सातशे माणसांना?"

राजमतीने हो म्हणून मान हलवली.

सन्मतीने आडातून पाणी शेंदलं. तोंड धुतलं आणि ती सोप्यात आली. बापाच्या उशाशी न बसता ती त्याच्या पायांशी बसली, त्याला आपल्याकडे बघावं लागू नये म्हणून.

"आप्पा, मी घरी येते. तुमच्या. बिरू बंगल्यात एकटा राहील. मी त्याला आत्ता बाहेर जाऊन सांगते, तो न्हाई म्हणायचा न्हाई. त्याची झोप पहिल्यासारखी हुईल. तुमी चला."

"किती दिवस?"

"किती का असंना."

"मी जगीन तवर," भूपाल म्हणाला. तो थांबला, दम घेतला. "म्हंजे तू रोज माझ्या मरायची वाट बघणार. मनात न्हाई आणलंस तरी."

"आप्पा!"

"पोरी, तुझा संसार मोडून जे काळीज चालायचं, ते मी छातीत घेऊन हिंडू कसा?" त्याने हात पुढे केला. सन्मतीने तो धरला. "तुझ्या आईनं चुकून केलं, माझ्यासाठी केलं. तू पण माझ्यासाठी केलंस. आता मला एक तरी गोष्ट माझ्या मनानं करू दे. तुझा नवरा बाहेर उनात उभाय. त्याला आत घे, पाणी दे."

बिरू आत आला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण सन्मतीच्या तोंडाकडे बघून त्याला बरंचसं कळलं असावं. तो दाराशीच उभा राहिला. एवढा दांडगा गडी, हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचेना. आक्काताईने त्याला पाट दिला. भूपालने लग्नानंतर पहिल्यांदाच दोघांकडे एकत्र बघितलं आणि म्हणाला, "जेवून जावा."

दिवस मावळायच्या आत सगळे जेवले. निघताना बिरू पाया पडायला वाकला, तेव्हा भूपालने त्याला उठवलं आणि तळहात त्याच्या छातीवर ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"लई चांगलं हाय," तो म्हणाला. "पण तुझं तुझ्यापाशी असू दे."

त्यानंतर भूपाल दोन आठवडे काढू शकला. राजमती त्याला नदीकडच्या ओसरीवर बसवायची. तो म्हणायचा, "घड्याळागत वाजतंय बघ. टक, टक. कंटाळवाणं हाय. पण ह्यात दुसरं कुणी न्हाई." ती हात ठेवायची. खरंच कुणी नसायचं.

तो गेला त्याच संध्याकाळी अंत्यविधी नदीकाठी झाला. बिरूने खांदा दिला. रात्री त्याला घेरात परतावं लागलं, करारच तसा होता. सन्मती त्याच्याबरोबर गेली, आणि दोघं रात्रभर बंगल्याच्या जिन्यात जागी बसून राहिली. त्या रात्री शांतीसागरनगरात एकाही म्हाताऱ्या माणसाचा डोळा लागला नाही. उजाडल्यावर लोक बाकावर जमले आणि एकमेकांना विचारू लागले, काय झालं, कुणाला ठाऊक आहे का. कुणालाच नव्हतं. मग सोसायटीच्या पहारेकऱ्याने फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलं आणि सगळे तिथे जाऊन उभे राहिले.

भूपाल बाबगोंडा मगदूम, वय त्रेसष्ट, शुक्रवार, ११ डिसेंबर २०४८ रोजी दुपारी कुरुंदवाडला बहिणीच्या घरी वारले.